मायकडे राहिलेला दिवस

आमच्या घरी आलेल्या माणसाला आधी पाणी मिळायचं, मग परात, आणि चहा त्याच्यानंतर. परातीत काय असेल ते मोसमावर होतं. थंडीत मटर, नाहीतर तुरीच्या शेंगा. उन्हाळ्यात फोडायची चिंच. काहीच नसलं तर लसणाचे गड्डे. माणूस खुर्चीत टेकतो न टेकतो तोच माझी सासू ती परात त्याच्यापुढे सरकवायची, स्वतः समोर जमिनीवर फतकल मारायची आणि म्हणायची, "हं, बोला. हात चालू ठेवा, तोंड बी चालते मंग." येणारा कोण, कुठला, कशासाठी आला, याच्याशी तिला कर्तव्य नव्हतं. विम्याचा एजंट सोलायचा, माझ्या ऑफिसातल्या मॅडम सोलायच्या. फॅक्टरीतले नवऱ्याचे साहेब एकदा सहज चहाला म्हणून आले आणि ढीगभर लसूण सोलून गेले. विहारातले भंतेजी तेवढे सुटले, त्यांच्याबरोबर आलेले उपासक सुटले नाहीत.

सगळे तिला माय म्हणायचे. नवरा म्हणायचा म्हणून मी म्हणायला लागले, मग माझी मुलगी, मग जबलपूरच्या कांचघरमधल्या आमच्या गल्लीतली काही हिंदी बोलणारी माणसंही. बाकीचे अम्माजी म्हणत. तिचं खरं नाव गल्लीत कोणाला माहीत नव्हतं आणि तिचं त्यावाचून काही अडत नव्हतं.

खुर्चीवर ती कधी बसली नाही. खुर्चीत पाय लोंबकळतात आणि पाय लोंबकळायला लागले की माणूस कामातून जातो, असं तिचं म्हणणं. लुगडं घोट्याच्या चांगलं वर. आमच्या सिमेंटच्या गल्लीत एवढं वर कशासाठी, असं मी लग्न होऊन आले तेव्हा एकदा विचारलं होतं. "सवय आहे," म्हणाली. आमचं अंगण झाडून झालं की शेजारचं झाडायची, आणि शेजारचं झालं की रस्ता. नगर निगमची झाडणारी बाई यायची तेव्हा तिला करायला काही उरलेलं नसायचं, मग तिलाही बसवून घ्यायची आणि पुढे परात. दुपारी तिचा डोळा लागला तरी उजव्या हाताची बोटं हलत राहायची. अंगठा आणि दोन बोटं, काहीतरी उचलल्यासारखी आणि खाली दाबल्यासारखी. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं बाईला कंपवाताची सुरुवात आहे. मी नवऱ्याला सांगितलं. तो हसला आणि म्हणाला, "रोवणी करून राहिली ती. झोपू दे."

माझं सगळं आयुष्य जबलपुरात गेलं. वडील रेल्वेत, माहेर रेल्वेच्या क्वार्टरमध्ये. भात मी ताटात पाहिलेला, फार तर पोत्यात. सासर गोंदियाच्या पुढे, वैनगंगेच्या अंगाला, सगळं धानाचं. सासरे लवकर गेले. मायनं एकटीनं ती थोडीशी जमीन कसली, एका मुलाला शिकवलं, तो इथं फॅक्टरीत लागला, त्याचं लग्न करून दिलं आणि स्वतः गावातच राहिली. "चला आमच्यासोबत," असं आम्ही म्हणायचो, तेही जरा तोंडदेखलंच. ती म्हणायची, "तुमच्या गावात माह्याजोगं काम काय आहे?"

शेवटी तिला काम मी दिलं. माझी मुलगी ठरल्या वेळेच्या बरीच आधी झाली. माझी आई नव्हती. नवऱ्यानं गावी तार केली. ती तार मायला मिळाली तेव्हा ती संध्याकाळची शेतातून परत येत होती. त्या दिवशी तिच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, रोवणी झाली होती. धानाची रोपं, त्यांना ती पऱ्हे म्हणायची, उपटून चिखलात एकेक जुडी लावायची, ती रोवणी. हे काम एकट्यादुकट्याचं नाही आणि फार दिवस थांबणारंही नाही. म्हणून गावात सावड असते. आज सगळ्या बाया माझ्या बांधीत, उद्या तुझ्या बांधीत, परवा तिसरीच्या. मजुरी कोणी कोणाला देत नाही. माझ्याकडे तू एक दिवस राबलीस, तर तुझा एक दिवस माझ्यावर. दुसऱ्या दिवशी मायला जायचं होतं अनुसयाच्या बांधीत. अनुसया म्हणजे शेजारच्या घरची सून, मायपेक्षा पुष्कळ लहान, पण दोघींचं फार सूत.

त्याऐवजी माय पहाटे तिच्या दारात गेली आणि म्हणाली, "सून बाळंतीण झाली. तुहा दिवस माह्यावर राह्यला. आली का फेडीन." आणि छोट्या लाईनच्या, नॅरोगेजच्या, गाडीत बसली.

ती छोटी लाईन ज्यांनी पाहिली त्यांना माहीत आहे. नैनपूरवरून ती अशी यायची की वाटेत उतरून बोरं वेचून परत चढता यावं. माय दवाखान्यात पोचली तेव्हा तिच्या नखांत चिखल होता. नर्स तिला आत सोडेना. माय नळावर गेली, पाय घासून आली आणि नर्सला बाजूला करून आत शिरली. नातीला उचललं. चेहरा नंतर पाहिला, आधी मूठ उघडली. "बोटं लांब आहेत," म्हणाली. "रोवणीले चांगली."

महिनाभर राहायला आली होती. माझी रजा संपली, पोरीला सांभाळायला कोणी नाही, मग दुसरा महिना. मग पोरीचे दात, मग गोवर, मग शाळा. बांधी भावकीत कसायला दिली. माय कांचघरची झाली. असं आम्ही समजायचो.

तिनं मात्र गावाकडची सावड गल्लीत आणली. समोरच्या भाभींकडे गच्चीवर वड्या घालायच्या होत्या. माय आपणहून गेली आणि दिवसभर त्यांच्याबरोबर उन्हात बसून आली. भाभींनी संध्याकाळी मिठाईचा डबा पाठवला. मायनं तो जसाच्या तसा परत नेला. "मिठाई कायले? उद्या तू माह्याकडे ये, मिरची कुटाची आहे."

भाभी घाबरल्या. "अम्माजी, हमसे मिर्ची नहीं कुटेगी. छींक-छींक के मर जाएँगे."

"नाही मरत. तोंडाले फडकं बांध."

भाभी आल्या. शिंकल्या, रडल्या, पण मिरची झाली. पुढच्या काही वर्षांत आमच्या गल्लीच्या हिंदीत एक नवं वाक्य आलं. "आज नहीं आ पाएँगे, हमारे ऊपर अम्मा का एक दिन है." बायका ते अगदी गंभीरपणे म्हणायच्या आणि नवऱ्यांना ते मान्य करावं लागायचं. मायच्या मते याच्यात विशेष काही नव्हतं. जगात असंच चालतं, जबलपूरवाल्यांना उशिरा कळलं इतकंच.

पण अनुसयाचा दिवस राहिलाच होता. आणि रोवणीचा दिवस रोवणीतच फिटतो. उन्हाळ्यात लग्नाला गावी गेलं आणि तिथं अनुसयाचे पापड लाटून दिले, तर तो हिशेब वेगळा. माय लग्नांना जायची. अनुसया तिथं चारचौघींत हसत विचारायची, "काय व बाई, माहा दिवस कधी?" बाया हसायच्या. माय पण हसायची, पण परत आली की चार दिवस घरात भांडी जरा जोरात आपटायची.

दर आषाढात तिची पिशवी भरलेली असायची. चिखलात नेसायचं जुनं लुगडं, डोक्यावर घ्यायला प्लास्टिकचा कागद आणि तंबाखूची डबी. येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायची, "गोंदियाकडं पाणी पडलं का?" भाजीवाला म्हणायचा, "पता नहीं अम्मा." त्याला ते पता का नाही, याचं तिला मनापासून नवल वाटायचं. आणि दर आषाढात काहीतरी निघायचं. पोरीची शाळा त्याच दिवसांत उघडायची. कधी माझी ऑफिसची परीक्षा, कधी नवऱ्याचं ऑपरेशन. नंतर तिचे स्वतःचे गुडघे. ती हट्ट करायची नाही. पिशवी उघडून लुगडं परत घडी घालून ठेवायची.

एकदा मी फार शहाणपणा करून म्हटलं, "माय, आपण अनुसयाबाईला एका मजुराचे पैसे पाठवून देऊ. एक दिवसाची रोवणी होऊन जाईल तिची." मायनं हातातली शेंग परातीत टाकली. मग म्हणाली, "मजूर लावून दिवस फेडते का व कोणी? मंग मी मेली का रडाले बी मजूरच लावजो." पुढे दोन दिवस आमचं बोलणं परातीमार्फत चालू होतं.

मुलगी लग्नाची झाली तेव्हा जबलपुरातल्याच मदन महलचे लोक तिला बघायला आले. मुलगा, त्याचे आईवडील आणि एक मामा. मामा आखूड बोलणारे आणि कडक इस्त्रीचे. मी मायला आदल्या दिवसापासून सांगत होते, माय, उद्या परात नको. ती हो म्हणाली होती. मंडळी बसली, पाणी झालं, आणि मी पोहे घेऊन बाहेर येते तो मटराची परात मामांच्या इस्त्रीपर्यंत पोचलेली. जानेवारी होता. पोतं नुकतंच आलेलं, आणि माय त्यापुढे हतबल होती.

मामा म्हणाले, "ये क्या है, आजी?"

"मटर," माय म्हणाली.

मुलाच्या वडिलांनी गालातल्या गालात हसून एक शेंग उचलली. मामांनी हात छातीशी बांधून घेतले. मुलगा बिचारा खाली मान घालून सोलायला लागला. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की त्याच्यासमोर टरफलांचा ढीग वाढतोय, पण दाणे वाढत नाहीत. तो खात होता. माझी मुलगी दारातून ते पाहून हसायला लागली आणि मला वाटलं, आता हे लोक उठतात. ते गेल्यावर आम्ही मायकडे पाहिलं.

"पोरगं चांगलं आहे," ती म्हणाली. "चवीचं आहे. सांगितलेलं ऐकते. तो मामा मात्र लग्नात लांबच बसवा." तसंच झालं. जावई आज भोपाळला असतो आणि अजूनही आमच्याकडे आला की आधी परातीकडे पाहतो.

मुलीचं लग्न झालं त्या सुमाराला छोटी लाईन बंद पडली होती. मोठी करायची म्हणून रूळ उखडले. म्हणे दोन वर्षांत होईल. मायला बसनं न्यायचा प्रयत्न नवऱ्यानं एकदा केला. तिला बस लागायची. लखनादौनला उतरली ती पुढच्या बसमध्ये चढायलाच तयार होईना. स्टँडवर फरशीवर बसून राहिली आणि म्हणाली, "लाईन होऊ दे. मी थांबतो." गावाकडच्या बाया अशाच बोलतात, पुरुषासारखं, थांबतो, येतो, जातो. ती थांबली. रेल्वेतला कोणीही दिसला की पकडायची, अगदी गणवेश दिसला तरी पुरे. "लाईन झाली का?" एकदा तिनं बँकेच्या गार्डला विचारलं. दोन वर्षांची किती झाली ते मी मोजलं नाही. तिचं वय मात्र दिसायला लागलं. उठताना ती आता भिंत धरायची. ज्या पाठीनं आयुष्यभर वाकून रोवणी केली ती पाठ आता कायमची वाकलेली होती, पण आणखी वाकत नव्हती. पिशवी खुंटीवर तशीच.

मोठी लाईन झाली, गाडी सुरू झाली, तेव्हा सगळ्यांत आधी ती बातमी समोरच्या भाभींनी आणली. "अम्माजी, आपकी गाड़ी चल गई."

त्या रात्री जेवताना नवरा म्हणाला, "माय, गाडी झाली खरी, पण तुझ्याच्यानं आता वाकणं होत नाही. चिखलात उभं राहणंही होणार नाही."

"मी कोठं म्हणतो मी वाकीन?" माय म्हणाली. "सूनबाई वाकन."

मी तेव्हा नुकतीच रिटायर झालेले. बीपीची गोळी, चष्मा, आणि चिखलाशी संबंध नर्मदेच्या घाटावरून घसरले होते तेवढाच. मी वरणाची वाटी हातात धरून बसले. नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मग ताटाकडे पाहायला लागला. मुलीला फोन केला तर ती म्हणाली, "मम्मी, तुमसे गमला नहीं सँभलता, तुम खेत में जाओगी?" मायनं मला काही विनवलं नाही. तिनं ठरवलं होतं, एवढंच. आणि मलाही तेव्हा नाही म्हणावंसं वाटलं नाही. ज्या दिवशी तिला दुसरीच्या बांधीत जायचं होतं त्या दिवशी ती माझ्यासाठी गाडीत बसली होती. तो दिवस तिच्यावर होता म्हणजे थोडा माझ्यावरही होता.

आम्ही आषाढात गेलो. अनुसया आता म्हातारी, पण चालती-फिरती. शेत मुलगा पाहायचा आणि रोवणीला बाहेरगावची टोळी यायची. तरी तिनं घरामागची एक लहानशी बांधी आमच्यासाठी ठेवली होती. "बाई येते म्हणाली होती," असं ती मुलाला सांगत होती, जणू माय परवाच सांगून गेली होती. मायसाठी कोणीतरी प्लास्टिकची खुर्ची आणली. मायनं ती परत पाठवली. पोतं टाकून बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसली, लुगडं वर घेतलं आणि दोन्ही पाय पाण्यात सोडले. चिखल बोटांतून वर आला तसे तिनं डोळे मिटले. मी तिला इतक्या वर्षांत असं बसलेलं पाहिलं नव्हतं. हातात काही नव्हतं तिच्या.

हे सुख थोडाच वेळ टिकलं. मी चिखलात उतरले आणि पहिली ओळ लावून मागे वळून पाहिलं, तर माझी निम्मी रोपं पाण्यावर तरंगत होती.

"काय करून राहिली तू?" माय ओरडली. "फुलं वाहून राहिली का देवाले? अंगठ्यानं दाब."

"दाबते आहे, माय."

"दोन बोटं आन् अंगठा. हं, तसं. आता मांगं सरक. पुढं कायले जातं? लावलं त्याच्यावरच पाय देशील."

अनुसया माझ्या बाजूला वाकून भराभर लावत होती आणि मधून मधून माझी तरंगलेली रोपं गुपचूप परत दाबत होती. मायला ते दिसत होतं. "अनुसया, तिचं तिले करू दे. तिच्यात तू हात नोको घालू." दुपारी भाकरी, चटणी आणि कांदा धुऱ्यावर बसून खाल्ला. कंबर अशी झाली की बसले तर उठता येईना आणि उठले तर बसता येईना. संध्याकाळपर्यंत बांधी हिरवी झाली. माझ्या ओळी वाकड्या होत्या, पण उभ्या होत्या. मला फार अभिमान वाटला, उगीच कशाला खोटं सांगू.

माय पाण्यातून पाय काढून म्हणाली, "झाला व तुहा दिवस, अनुसया."

अनुसया हात धूत होती. "कोणाचा?"

"तुहा. माह्यावर होता तो."

"हा तं सुनेनं केला," अनुसया शांतपणे म्हणाली. "सुनेचा एक दिवस आता माह्यावर चढला. तुहा कोठं झाला? तू तं बसली होती धुऱ्यावर. तुहा तसाच आहे बाई. पुढच्या साली येजो."

माय भडकली. धुऱ्यावर बसल्या बसल्या तिनं अनुसयाला काय काय ऐकवलं. लबाड म्हणाली, कपटी म्हणाली. "सून म्हणजे मीच, सुनेचा हात म्हणजे माहाच हात," असंही म्हणाली, आणि ते ऐकून मी चिखलात उभी राहून दुसरीकडे पाहायला लागले. अनुसया ऐकेना. "रोवणीचा नियम आहे बाई. ज्याचा हात त्याचा दिवस." असा काही नियम असल्याचं गावात इतर कोणाला माहीत नव्हतं. दोघी अंधार पडेपर्यंत भांडल्या, आणि मग एकाच ताटात जेवल्या.

परत येताना गाडीत माय खिडकीशी बसली होती. बालाघाटच्या पुढे जंगल लागलं तशी स्वतःशीच म्हणाली, "लबाड आहे ते. फिटू देत नाही." आणि हसली. इतकी खूश मी तिला नातीच्या लग्नातही पाहिली नव्हती. घरी आल्यावर तिनं चिखलाचं लुगडं धुतलं, वाळवलं, पिशवीत भरलं आणि पिशवी खुंटीला लावली.

त्याच थंडीत ती गेली. आजारी अशी नव्हती. सकाळी परातीशी बसली होती, मी आतून चहा घेऊन आले तर भिंतीला टेकलेली होती. बोटं तेवढी थांबली होती. त्या बोटांकडे पाहूनच मला कळलं.

नंतरचे दिवस माणसं येत होती. खुर्च्यांवर बसत होती. मी आठवणीनं पाणी देत होते, चहा देत होते, आणि सगळे हात मांडीवर ठेवून बसत होते. कोणाला काही बोलायला सुचत नव्हतं. रिकाम्या हातांनी माणूस बोलणार तरी किती वेळ. समोरच्या भाभी आल्या, थोडा वेळ बसल्या, आणि हुंदका आला तशी इकडेतिकडे काहीतरी शोधायला लागल्या. मला माहीत होतं त्या काय शोधतायत. परात मीच उचलून माळ्यावर ठेवली होती. ती डोळ्यांसमोर असली की मला राहवत नव्हतं. घर स्वच्छ होतं, शांत होतं आणि मला ते नकोसं झालं होतं. मला कोणीतरी ओरडायला हवं होतं.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी अनुसया आली. मोठ्या लाईनच्या गाडीनं, मुलाला सोबत घेऊन. मायच्या फोटोपुढे उभी राहून रडली. पाणी प्यायली. मी खुर्ची पुढे केली तर जमिनीवर बसली, मायच्या जागी, भिंतीला पाठ लावून. तिला ती जागा कोणी दाखवली नव्हती.

"काम काय आहे घरात?" तिनं विचारलं.

"काही नाही, बसा तुम्ही. दमून आलात."

"बसाले नाही आली मी. तुहा दिवस आहे माह्यावर."

मी म्हटलं, "अहो, पण रोवणीचा दिवस रोवणीतच फिटतो ना? माय तर असंच म्हणायची."

"तुह्या घरी बांधी कोठं आहे?" अनुसया म्हणाली. "असन ते आण."

स्वयंपाकघरात मटराचं अर्धं पोतं तसंच पडलं होतं, मायनं सोडलं होतं तिथपासून. नवऱ्यानं माळ्यावरून परात काढून दिली. अनुसयानं ती पुढे ओढली आणि सोलायला सुरुवात केली. दारात भाभी आल्या, त्यांनी पाहिलं, आणि समोर येऊन बसल्या. मग मी बसले. अनुसयाचा मुलगा बसला. भेटायला येणारे येत राहिले आणि बसत राहिले. माणसं बोलायला लागली. मायनं कोणाकोणाकडून काय काय करून घेतलं होतं ते निघालं, मिरची निघाली, मामांची इस्त्री निघाली. त्या घरात कितीतरी दिवसांनी कोणीतरी हसलं आणि मी रडले, आणि हात चालू असल्यामुळे ते फारसं कोणाच्या लक्षात आलं नाही.

अनुसया उठली नाही. दुपारी जेवायलाही तिथंच जेवली. उन्हं उतरली, पोतं रिकामं झालं, तेव्हा तिनं पोतं झटकून घडी घातली आणि कंबर सरळ केली.

"झाला व तुहा दिवस," ती मला म्हणाली. "आता माह्यावर काही नाही."

खुंटीवर मायची पिशवी होती. मी तिच्याकडे पाहिलं. "आणि मायवर तुमचा होता तो?"

अनुसयानं पदरानं हात पुसले, एकेक बोट.

"तिचा राहू दे तिच्यापाशी," ती म्हणाली. "इतक्या लवकर कायले फेडून घेऊ?"

मग ती जमिनीवर सांडलेली टरफलं गोळा करायला लागली, आणि मी तिच्या बाजूला बसून तिला हातभार लावला.